उजनी उणे झाली की

पावसाळ्यात उजनी धरण शंभर टक्के भरल्याची बातमी आली की सोलापूरकडच्या आमच्या पाहुण्यांचा फोन येतो. आवाजातूनच पाणी ओसंडत असतं. आमच्या पक्षीवेड्या टोळक्यात मात्र त्या दिवशी सुतकी शांतता. ‘म्हणजे यंदा रोहित उशिरा,’ एवढंच कुणीतरी पुटपुटतं.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, जेवतो तो उभ्यानं. उथळ पाण्यात मान खाली सोडून, चोच उलटी धरून चिखल गाळतो आणि त्यातलं शेवाळ, बारीक जीव टिपतो. धरण तुडुंब असलं तर त्यानं पाय टेकायचे कुठे? पाणी उतरून गाळ उघडा पडला की मग भिगवणजवळ, कुंभारगाव-डिकसळच्या फुगवट्यात ही लंबूटांग मंडळी उतरतात. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला जवळपास ६४ मृतसाठा. म्हणून मृतसाठ्याखाली उतरून ‘उजनी मायनसमध्ये गेली’ तरी तिथे पाणी असतंच. शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं, तेव्हा रोहितांचं पान वाढलेलं असतं.

फेब्रुवारीत गेलो होतो. उजाडता उजाडता होडीत बसलो. होडीवाला मासेमार घरातला. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब दाखवता दाखवता मध्येच म्हणाला, ‘सर, आमच्या आज्याचं शेत हितंच हाय. होडीखाली.’ धरण १९८० चं. पुढे काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून दुर्बीण डोळ्याला लावली. चक्रवाक होते, चित्रबलाक होते, फावड्यासारख्या चोचीचे थापटे होते. आणि वारकरी! काळं अंग, कपाळाला पांढरा टिळा. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला नमस्कार. उजनी ज्या भीमेवर आहे, तिच्याच काठानं खाली गेलं की पंढरपूर, पण हे वारकरी पठ्ठे इथेच मुक्काम ठोकून.

शेजारच्या होडीत आपल्या हाताएवढ्या लेन्स घेतलेले चौघे. ‘जरा जवळ घ्या, उडवा की, पंख दिसू देत!’ पंखांखालचा लाल-काळा रंग रोहित उडाल्याशिवाय दिसत नाही, हे खरं. पण आमच्या होडीवाल्यानं इंजिन बंद केलं, बांबू हातात घेतला. ‘पोट भराय आल्यात ती. कशाला दमवायची?’ त्यानंतर मी माझाही कॅमेरा पिशवीत ठेवला. (चार फोटो आधीच काढले होते, ते सांगून टाकतो.) पलीकडे एक कुटुंब कुरव पक्ष्यांना मूठमूठ फरसाण उधळत होतं. फरसाणाला हिमालयापलीकडून गिऱ्हाईक आलेलं.

पाणी हिरवं होतं आणि त्याला वासही होता. आम्हा पुणेकरांनी नाक मुरडण्यात अर्थ नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा इथे येते. आमचं सांडपाणी पुढे पाठवून रविवारी दुर्बीण गळ्यात अडकवून आम्ही त्याच्या मागोमाग येतो.

काठावरच्या एका घरी चुलीवरची चिलापी मासळी आणि भाकरी खाल्ली. रस्सा असा, की तासभर पक्ष्यांची आठवणही झाली नाही. निघताना होडीवाला पोहोचवायला आला.

‘औंदा पानी लई होतं, रोहित कमी दिसलं तुमास्नी. पन फुडच्या साली बी असंच भरू दे, काय?’

‘भरू दे की,’ मी म्हणालो. आणि गाडीत बसल्यावर, यंदाचं पाणी मेपर्यंत कितीसं उतरेल याचा हिशेब करत राहिलो.