पहिली चाल मधून की बगलेतून?

बीड, अंबाजोगाई किंवा माजलगावातून निवड स्पर्धेला निघालेल्या मुलाला पांढऱ्या मोहऱ्यांनी पहिली चाल कोणती शिकवावी? राजापुढचे प्यादे दोन घरे टाकायचे (ई-४), हा जुना शिरस्ता. त्याऐवजी घोडा एफ-३ वर काढणारी रेटी किंवा सी-४ ची इंग्लिश ओपनिंग द्यावी, हा दुसरा पर्याय.

या पर्यायामागचे कारण व्यवहारी आहे. मोठ्या शहरातला खेळाडू प्रशिक्षक आणि संगणकाच्या जोरावर ई-४ विरुद्धच्या सिसिलियन बचावाच्या लांबलचक चाली पाठ करून येतो. ज्याला ती सोय नाही, त्याने पाठांतराच्या शर्यतीत का उतरावे? पटाचा मध्य घोडे-उंटांनी दुरून दाबायचा आणि खरी झुंज पुढे खेळायची. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला रिचर्ड रेटीने याच धाटणीने खेळून आठ वर्षे अपराजित असलेल्या कापाब्लांकाला हरवले. २०२४ च्या सिंगापूरमधील जगज्जेतेपदाच्या लढतीत अकराव्या डावात गुकेशने रेटी खेळताच डिंग लिरेन चौथ्याच चालीला अर्ध्या तासाहून अधिक अडकला आणि २९ चालींत हरला.

पण त्याच लढतीचे पुढचे डावही पाहावेत. बाराव्या डावात डिंगने इंग्लिशनेच परतफेड केली. चौदाव्यात त्यानेच घोडा एफ-३ ने सुरुवात केली, आणि ५५ व्या चालीला हत्ती चुकीच्या घरात नेऊन किताब गमावला. शिवाय पाठांतर वाचते, हेही अर्धेच खरे. १९७२ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत स्पास्कीविरुद्ध सहाव्या डावात फिशरने सी-४ खेळले आणि डाव क्वीन्स गॅम्बिटमध्ये शिरला; म्हणजे तेही यायलाच हवे. काळे मोहरे हाती आले की समोरून ई-४ येणारच, त्याचे उत्तर कोण शिकवणार?

म्हणून आमचे मत असे: सुरुवातीची दोनेक वर्षे ई-४ चे खुले डाव खेळू द्यावेत, कारण मारामारी आणि मध्याची किंमत तिथेच कळते. त्यानंतर, मूल आपल्या चालीमागचे कारण सांगू लागले, की रेटी जरूर द्यावी. मात्र तिची फळे सावकाश मिळतात. दिवसात उरकणाऱ्या जलद स्पर्धांत ती दिसत नाहीत. आयोजकांनी वर्षातून एखादी तरी दीर्घ वेळेची स्पर्धा जिल्ह्यातच घ्यावी. तिच्याविना ओपनिंगचा हा वाद कागदावरच राहील.