तंबूचं तोंड खाडीकडं ठेवा

दोस्तहो, हरिहरेश्वरला तंबू ठोकायला चाललात? खुशाल जा. समुद्र कुणाच्या बापाचा नाही. आपल्या बापजाद्यांनी गावकुसाबाहेर उघड्यावर रात्री काढल्या त्या काही हौसेनं नव्हे. तुम्ही हौसेनं काढा, हक्कच आहे तो. पण ‘दक्षिण काशी’चं पुराण ऐकून माघारी फिरू नका. इथंच सावित्री बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. डिसेंबर १९२७ मध्ये मोटारवाले अडवतील म्हणून बाबासाहेब आणि सत्याग्रही ‘पद्मावती’ बोटीनं याच खाडीतून दासगावला उतरले. २५ तारखेला महाडात मनुस्मृती जाळली. रात्री शेकोटी पेटवाल तेव्हा ती आग आठवा. सकाळी तंबू गुंडाळला की महाडची एस.टी. धरा. चवदार तळं बघितल्याशिवाय मुंबईला तोंड दाखवू नका.