गरिबांचा समावेश—पण कशांत ?

सध्यां विद्वत्सभांतून आणि सरकारी अहवालांतून ‘आर्थिक समावेशन’ हा शब्द मोठ्या मानानें मिरवीत आहे. गरिबाचें बँकेंत खातें उघडा, त्याच्या हातीं थोडेंसें भांडवल द्या, म्हणजे तो आपल्या पायांवर उभा राहील, त्याचीं मुलें शिकतील, आणि होणारा विकास टिकाऊ होईल, असा या मताचा थोडक्यांत आशय आहे. हेतु चांगला आहे याविषयीं आम्हांस शंका नाहीं. आमचा वाद हेतूशीं नसून त्यामागील एका गृहीत गोष्टीशीं आहे. गरीब मनुष्य कर्ज मिळत नाहीं म्हणून गरीब राहतो, हें तें गृहीत होय. तें खोटें ठरलें तर त्यावर उभारलेली सगळी इमारत डळमळते. आणि तें निदान अर्धें खोटें आहे असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें मत बनविण्यासाठीं आम्हांस दूर जावें लागलें नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या बाजाराच्या गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांवर हल्ला केला, आणि लवकरच हें लोण अहमदनगर जिल्ह्यांतहि पसरलें. त्या दंग्याची विशेष खूण अशी कीं, जमावाचा खरा रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हातीं आले कीं ते जाळून टाकीत. आतां त्या शेतकऱ्याला कर्ज मिळत नव्हतें काय ? उलट तें त्याला नको तितकें मिळत होतें. रयतवारीनें जमीन त्याच्या नांवावर झाली, म्हणजे गहाण ठेवण्याजोगी वस्तु त्याच्याजवळ आली. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवीमुळें कापसाचा भाव चढला, म्हणजे सावकाराची थैली सैल झाली. पुढें युद्ध संपलें, भाव कोसळले, सरकारनें फेरपाहणींत सारा वाढविला. आणि १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळें दर तीन वर्षांनीं रोखा बदलतांना जुनें मुद्दल व व्याज मिळून नवें मुद्दल होऊं लागलें. आजच्या परिभाषेंत बोलावयाचें तर दख्खनचा कुणबी १८७५ सालीं गळ्यापर्यंत ‘समाविष्ट’ झालेला होता !

यावर प्रतिपक्षी म्हणतील कीं, तो काळ सावकारांचा होता. आतां रिझर्व्ह बँक आहे, नियम आहेत, आणि कर्ज देणाऱ्या संस्था सेवेच्या हेतूनें निघालेल्या आहेत. ठीक आहे. १९७६ सालीं बांगलादेशांतील जोबरा गांवीं प्रा. महंमद युनुस यांनीं गरिबांना लहान रकमा देण्यास आरंभ केला, त्यांतून ग्रामीण बँक उभी राहिली, आणि २००६ सालीं त्यांना व बँकेला शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें, हें आम्ही आदरानें मान्य करतों. परंतु त्यानंतर चारच वर्षांनीं आंध्र प्रदेशांत काय घडलें ? जिचा जन्म दयेंतून झाला ती कल्पना नफ्याच्या बाजारांत उतरली. एकेका बाईला अनेक कंपन्यांनीं कर्जें दिलीं. एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जांतून फिटूं लागला. वसुलीच्या जाचानें कर्जदारांनीं जीव दिल्याच्या वार्ता आल्या. आणि ऑक्टोबर २०१० मध्यें राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. पुढें मालेगाम समितीच्या शिफारशींवरून व्याजाला कमाल मर्यादा आली. २०२२ च्या नियमांनीं ती उठली, आणि सर्व हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊं नयेत, असा दंडक आला. निम्म्याहून ! ज्या घराचें सगळें उत्पन्न पोटालाच पुरत नाहीं, त्यानें निम्मा वाटा हप्त्यांत घातला तरी तें नियमांत बसतें.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक. लघुकर्जाचे गोडवे आम्हींहि वर्गांत वर्षानुवर्षें गाइले. आमच्या घरीं स्वयंपाकास येणाऱ्या मावशींना अशा एका कंपनीच्या गटांत नांव घालण्याचा सल्ला आम्हींच दिला होता. त्यांनीं शिवणाच्या यंत्रासाठीं म्हणून दहा हजार रुपये घेतले. आठवड्याला २३० रुपये, असे ५० हप्ते. वसुलीस येणाऱ्या गृहस्थानें दर ‘पंधरा टक्के’ सांगितला होता. आम्ही पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. मुद्दल दर आठवड्यास कमी होत जातें, म्हणजे वर्षभर सरासरी निम्मीच रक्कम बाईंच्या हातीं राहते. अर्थात् खरा दर तिसाच्या घरांत जातो. खरा वार्षिक दर कागदावर छापावा असा नियम आहे. परंतु मावशींनीं कागद वाचला नव्हता, तोंडी शब्द ऐकला होता. “यंत्र कोठें आहे ?” असें आम्ही विचारलें. त्या म्हणाल्या, “यंत्र कसलं सर, मालकांचं ऑपरेशन केलं त्यात. कारण काहीतरी सांगावंच लागतं ना.” त्या एका वाक्यानें आमचीं कित्येक व्याख्यानें रद्द झालीं.

वाचकांनीं याचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. मावशींची अडचण भांडवलाची नव्हती, इस्पितळाची होती. जें समाजानें हक्क म्हणून द्यावयाचें तें त्यांना व्याजानें विकत घ्यावें लागलें, आणि त्या व्यवहाराला आम्ही ‘उद्योजकता’ असें भारदस्त नांव दिलें. २०१५ सालीं बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया व मोरोक्को या सहा देशांतील कसोशीनें केलेल्या पाहण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या. त्यांचाहि निष्कर्ष असाच मवाळ आहे : लघुकर्जानें कांहीं कुटुंबांना व्यवहाराची थोडी मोकळीक मिळते, पण सरासरी उत्पन्नांत कायापालट होत नाहीं. औषधाचा गुण बेताचा असेल तर तें विष ठरत नाहीं, हें खरें. पण त्याला अमृत म्हणून विकणें ही फसवणूकच होय.

“मग काय गरिबांस पुन्हां सावकाराच्या दारीं धाडावयाचें ?” असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. आमचें उत्तर ‘नाहीं’ असेंच आहे. कर्ज कोठें उपयोगी पडतें हें आपल्याच प्रांतानें दाखविलें आहे. १९७५ सालीं मुंबईच्या गिरणगांवांत प्रेमा पुरव यांनीं खाणावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळांत एकत्र आणलें. त्या बायकांजवळ कसब होतें, गिरणी-कामगारांचें ठरलेलें गिऱ्हाईक होतें. उणीव होती ती स्वस्त भांडवलाचीच. तेथें बँकेचें कर्ज लागू पडलें. पण १९८२ च्या संपानंतर गिरण्याच थंडावल्या, तेव्हां कोणती बँक गिऱ्हाईक उसनें देणार होती ? कर्ज चालत्या गाड्याला वंगण आहे. तें बैल नव्हे.

दुसरें उदाहरण माण तालुक्यांतील म्हसवडचें. तेथील बायकांनीं चेतना गाला सिन्हा यांच्यासह स्वतःची सहकारी बँक काढण्याचें ठरविलें, तेव्हां संस्थापक बायका निरक्षर म्हणून परवाना प्रथम नाकारला गेला. त्या लिहावयास शिकल्या, पुन्हां अर्ज केला, आणि १९९७ सालीं माणदेशी महिला बँक उभी राहिली. या बँकेच्या मालकीणी सभासद बायकाच आहेत. पुढें २०१२-१३ च्या दुष्काळांत माणदेशीनें काय केलें ? हप्ते मागण्यावर न थांबतां म्हसवडला जनावरांची चारा-छावणी चालविली. गाय विकली गेली तर कर्ज बुडतें, आणि कर्जापूर्वीं घर बुडतें, हें तिला कळत होतें. कारण सभासद आणि बँक यांचें गांव एक, पाऊस एक. दर आठवड्यास हप्ता मागणाऱ्या कंपनीला पाऊस ठाऊक नसतो. माणदेशच्या शेतकऱ्याच्या पंचांगांत पैसा वर्षांतून एक-दोनदांच येतो. कंपनीच्या पंचांगांत दर सोमवार सारखाच.

सहकाराचें स्तोत्र गाण्याची आमची इच्छा नाहीं. १९०४ च्या कायद्यानें पतपेढ्या निघाल्या. पण पन्नास वर्षांनीं, १९५४ सालीं, गोरवाला समितीस शेतकऱ्यांच्या कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा शेंकडा तीनच्या आसपास आढळला. पुढें वाटा वाढला, तेव्हां कित्येक संस्था गांवच्या पुढाऱ्यांच्या ओसरीवर जाऊन बसल्या. मालकी नांवाला सर्वांची असली आणि किल्ली एकाच्याच कमरेला असली, तर सावकारानें टोपी बदलली एवढाच फरक.

म्हणून आमची मागणी साधी आहे. २०१४ पासून जनधन योजनेंत पन्नास कोटींहून अधिक खातीं उघडलीं, हा आंकडा आम्ही नाकारीत नाहीं. परंतु खातें म्हणजे दार, घर नव्हे. यापुढें कोणी समावेशनाची बढाई मारूं लागला तर त्याला तीन प्रश्न विचारावे. गरिबांची बचत आधीं कीं कर्ज आधीं ? हप्ता मिळकतीच्या हंगामावर बेतलेला कीं वसुलीच्या सोयीवर ? आणि वर्षाअखेर जो नफा उरतो तो कोणाच्या घरीं जातो ? १९९२ सालीं ज्या ५०० बचत गटांपासून बँकजोडणीचा प्रयोग सुरू झाला, त्याचें मर्म पहिल्याच प्रश्नांत होतें : बायका आधीं आपला पैसा जमवीत, आपसांत वापरीत, हिशेब शिकत, आणि मग बँकेच्या दाराशीं ताठ मानेनें जात. तो क्रम उलटा केला कीं गट बायकांचा राहत नाहीं, वसुलीचा होतो.

मावशींचे ५० हप्ते फिटले. एकहि चुकला नाहीं. कंपनीच्या वहींत त्या उत्तम कर्जदार म्हणून नोंदल्या असतील, आणि एखाद्या अहवालांत त्यांच्या नांवावर एक उद्योगहि उभा राहिला असेल. ते हप्ते फिटावे म्हणून त्यांनीं आणखी दोन घरांचीं कामें धरलीं आणि धाकट्या मुलीची शाळा सोडविली, हें कोणत्याहि रकान्यांत बसणारें नाहीं. हा रकाना जोंवर आमच्या विद्वानांच्या तक्त्यांत येत नाहीं, तोंवर टिकाऊ विकासाच्या त्यांच्या गोष्टींवर आमचा विश्वास बसणें नाहीं.