‘शेजारी’ बुलढाण्यात दाखवावा

महाराष्ट्र नाटक मंडळीपासून रंगभूमीवर नावलौकिक मिळवून प्रौढ वयात चित्रपटाकडे वळलेल्या केशवराव दाते यांना नायकाचे देखणेपण कधी लागले नाही. १९३४ च्या ‘अमृतमंथन’मधला कर्मठ राजगुरू असो की १९५९ च्या ‘नवरंग’मधला वृद्ध पिता, प्रौढ पुरुषाचे अंतःकरण हेच त्यांचे खास क्षेत्र राहिले. १९३७ च्या ‘कुंकू’त कोवळ्या नीरेशी लग्न करून बसलेला वकील काकासाहेब त्यांनी निव्वळ खलपुरुष होऊ दिला नाही, आपल्या अन्यायाची जाणीव त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर इतक्या सावकाश उमटत जाते की संताप आणि करुणा यांतून एक निवडणे प्रेक्षकाला अशक्य व्हावे. माझ्या मते मराठी पडद्यावर याहून सूक्ष्म अभिनय विरळाच.

परंतु आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर १९४१ चा ‘शेजारी’ अधिक निकडीचा आहे. धरणाचा ठेका घेऊन आलेला धनिक गावात फूट पाडतो, आणि दात्यांचा जिवबा पाटील व गजानन जागीरदारांचा मिर्झा हे जिवलग शेजारी दुरावतात. धरण फुटते तेव्हा मात्र दोघांना मृत्यू एकत्रच गाठतो. नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा यांच्या पाण्यावर जगणाऱ्या, आणि जिथे पाटलाच्या ओसरीवर मिर्झाची ऊठबस आजही असते अशा गावांना हे कथानक परके वाटणार नाही. जिल्हा परिषदेने व तालुक्यांच्या सार्वजनिक वाचनालयांनी येत्या हिवाळ्यात तो चावडीपुढे पडदा लावून, विनाशुल्क दाखवावा.