जुनं लोखंड ठेवा, नवं रबर घ्या



आज पिकाचं नाही, गोठ्याच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या गाडीचं बोलू. रब्बी निघाली की हाताला जरा उसंत मिळते, आणि पोरं आजोबा-वडिलांच्या येझदी, राजदूत, बुलेट बाहेर काढतात. चांगली गोष्ट आहे. ज्या गाडीनं दुधाचे कॅन वाहिले, खताची पोती वाहिली, ती भंगारात जाऊ नये.

पण सध्याची एक पद्धत मला पटत नाही. गाडी गॅरेजला लावायची, "सगळं नवं टाकून घ्या" म्हणायचं, अख्खं किट मागवायचं आणि निघालेलं जुनं पोत्यात भरून किलोवर विकायचं. वर सांगायचं, "ओरिजिनल पार्ट टाकलेत." अहो, ओरिजिनल म्हणजे कुठले? येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला. आज पाकिटात जे मिळतं ते एकतर तेव्हाचा पडून राहिलेला माल, नाहीतर कुणीतरी नव्यानं बनवलेला. दोन्ही चांगले असू शकतात, दोन्ही वाईट असू शकतात. पाकिटावरच्या नावावरून कळत नाही. आपण बियाणं पिशवी बघून पेरतो का? शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघतो. पार्टचंही तसंच. नावावर नको, मापावर बसवा.

माझी पद्धत साधी आहे. इंजिन उघडलं की तीन ढीग करायचे.

पहिला ढीग रबराचा आणि घासून संपणाऱ्या वस्तूंचा: ऑइल सील, गॅस्केट, पेट्रोलचा पाइप, केबल, ब्रेक लायनर, टायर-ट्यूब. इथं कंजुषी नाही, सगळं नवं. आणि इथं "जुना ओरिजिनल स्टॉक" मिळाला म्हणून खूश होऊ नका. तीस वर्षं कपाटात पडलेलं रबर कडक झालेलं असतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. त्यात आपल्या उसाचाही वाटा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, झिरपतं. पाइप आणि कार्बोरेटरची रबरं इथेनॉलला चालणारीच मागा.

दुसरा ढीग नंबरवाल्या वस्तूंचा. बेअरिंगला गाडीचं नाव नसतं, नंबर असतो. ६३०५ म्हणजे आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ६२, रुंदी १७, मग ते येझदीत बसो की पंपाच्या मोटारीत. जुनं बेअरिंग पुसा, नंबर वाचा आणि तालुक्याच्या बेअरिंगच्या दुकानात जा. नंबरापुढं सी-३ असेल तर तेच मागा, इंजिनच्या उष्णतेसाठी त्यात आतली मोकळीक जास्त ठेवलेली असते. सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. "येझदीचं सील द्या" म्हणण्यापेक्षा हे तीन आकडे सांगा.

तिसरा ढीग जुन्या लोखंडाचा: सिलिंडर, क्रँक, गिअर, हब, कार्बोरेटरची बॉडी, मडगार्ड. तडा गेलेला किंवा दात तुटलेला सोडला तर यातलं काही फेकू नका. गंजलेलं मडगार्ड घासून, ठोकून, वेल्ड करून उभं राहतं. बाजारातलं बरंच नवं पत्र्यानं पातळ असतं आणि भोकं जुळत नाहीत. मग मिस्त्री भोक मोठं करतो, खाली वॉशर घालतो, आणि खडखड सुरू. बुलेटवाल्यांनी आट्यांकडं बघावं. जुन्या बुलेटला इंग्लिश आटे आहेत. मिलिमीटरचा बोल्ट दोन फेरे जातो, मग अडतो. तिथं पाना मारून जोर लावला की केसिंगचे आटे गेले.

सिलिंडर बोअर करायचा असेल तर क्रम लक्षात ठेवा. आधी पिस्टन हातात घ्या, मायक्रोमीटरनं मोजा, मग त्या पिस्टनच्या मापानं लेथवाल्याला बोअर मारायला सांगा. आधी बोअर आणि मग पिस्टन शोधत फिरायचं, हे उलटं काम झालं. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजनं बघा. येझदीच्या ६५ मिलिमीटर बोअरला साधारण पाव मिलिमीटर हवी. फट नसेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. टू-स्ट्रोकला आणखी एक गोष्ट: बोअर मारल्यावर पोर्टच्या कडा धारदार होतात, त्या हलक्या हातानं मोडून घ्या, नाहीतर रिंग तिथं अडकते.

एवढं बारीक कशाला, असं कुणी म्हणेल. कारण इथं प्रश्न हौसेचा नाही, जिवाचा आहे. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकची पेटी हवाबंद लागते. येझदीत डायनामोच्या बाजूचं सील हलकं निघालं की तिथून हवा आत जाते, पेट्रोल आणि त्यातलं ऑइल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि धरतो. साठच्या वेगात पिस्टन धरला की मागचं चाक जागेवर थांबतं. क्लच दाबायला एखादाच क्षण मिळतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर सुटतो. तो निदान दिसतो तरी. हवा दिसत नाही.

ब्रेकचंही तेच. नवा लायनर बसवला म्हणजे ब्रेक लागला असं नाही. ड्रमला आतून खडू फासा, चाक बसवा, फिरवून ब्रेक दाबा आणि उघडून बघा. लायनरवर खडू फक्त दोन टोकांना लागला असेल तर तेवढाच ब्रेक तुमच्या वाट्याला आलाय. घासून जुळवून घ्या.

किटवाल्यांचं एक म्हणणं मला मान्य आहे. काही वस्तू जोडीनंच बदलाव्या लागतात. चेन नवी आणि स्प्रॉकेट जुना ठेवला तर झिजलेले दात नव्या चेनला खातात. तिथं पूर्ण सेट घ्या. वेळेचा मुद्दाही खरा आहे, लेथवर चकरा माराव्या लागतात. पण वेळ वाचवून बसवलेलं इंजिन पुन्हा उघडायला दुप्पट वेळ जातो. त्यापेक्षा लेथवरचा म्हातारा मिस्त्री जोवर आहे तोवर त्याच्याकडून काम करून घ्या. त्याच्या हातातलं माप कुठल्या पाकिटात मिळणार नाही.

शेवटचं दोन गोष्टींचं. रंगाआधी सँडब्लास्टिंग कराल तेव्हा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर झाकून घ्या. नंबर पुसला की आरटीओत गाडी तुमची आहे हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतील. आणि निघालेला जुना पार्ट गाडी हजार किलोमीटर चालेपर्यंत विकू नका. नवा बसला नाही तर माप घ्यायला तोच लागतो.

तुमच्या तालुक्यात मापाचं काम करणारा लेथवाला असेल तर गावाचं नाव खाली लिहा. कुणाची तरी गाडी वाचेल.