तवंग

मिसळीवर तवंग नसेल तर मी प्लेट परत पाठवतो. पण या पावसाळ्यात एका वेगळ्याच तवंगाने डोकं खाल्लं. आमच्या माशांच्या टाकीखाली कपाटात जो संप आहे (कामगारांचा नव्हे, पाण्याचा!), त्याच्या शेवटच्या कप्प्यात पांढुरकी, चिकट साय धरायला लागली. बोट फिरवलं की फाटायची, पाच मिनिटांत पुन्हा जुळायची.

ज्यांच्याकडे मासे नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात (आत्या, हे तुझ्यासाठी). टाकी चार फुटी, साधारण अडीचशे लिटरची, त्यात गोल्डफिश. वरचं पाणी ओसंडून पाइपने खालच्या संपात येतं, कापूस, स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंगांमधून गाळलं जातं, आणि पंप ते पुन्हा वर चढवतो.

आता गंमत बघा. ओसंडतं ते पृष्ठभागाचं पाणी. म्हणजे खाण्यातलं तेल, प्रथिनं, त्यांवर पोसलेले जिवाणू, सगळं खाली येतं आणि वरची टाकी मात्र आरशासारखी. पाहुणे "किती स्वच्छ!" म्हणतात. संपातल्या काचा अशा लावलेल्या असतात की पाणी एकीवरून जातं आणि दुसरीखालून. तवंग तरंगणारा, तो खालून कसा जाणार? जो थोडा घुसळून पुढे सरकतो तो शेवटच्या कप्प्यात पुन्हा वर येऊन बसतो, कारण तिथे पंप तळाशी आणि त्याचं तोंडही तळाशी. वरच्या थराला बाहेर पडायला वाटच नाही.

एका दुकानदाराने पाणी 'क्रिस्टल' करणारे थेंब दिले. फरक शून्य. दुसऱ्याने प्रोटीन स्किमर दाखवला. हे यंत्र समुद्राच्या पाण्यात उत्तम काम करतं, पण आमच्या गोड्या पाण्यात तसा फेसच धरत नाही. मी तरी पैसे काढायच्या बेतात होतो, हे कबूल करतो.

मग एका रात्री चार तास वीज गेली. पहाटे बघतो तर मासे पृष्ठभागावर तोंडं काढून धापा टाकताहेत. त्यातला एक, बाबा ज्याला 'गोट्या' म्हणायचे तो, गेला. सगळा दोष तवंगाला देणार नाही. पाणी हलायचं थांबलं हे मुख्य कारण. पण साचलेल्या घाणीवर जगणारे जिवाणूही तोच ऑक्सिजन वापरतात, आणि आमच्याकडे घाण भरपूर होती.

कुठून आली? मी सकाळी खाणं घालत होतो. बायको संध्याकाळी. आणि बाबा... बाबा निवृत्त झाल्यापासून टाकीसमोर खुर्ची टाकून बसतात. "बघ ना, कसे आशेने बघतात" म्हणत दिवसातून चार-पाच चिमट्या. गोल्डफिशला जठरच नसतं. ते कायम आशेनेच बघतात!

माझं मत आता पक्कं आहे. तवंग दिसला की आधी पाकीट उघडू नये, खाण्याचा डबा उघडून बघावा. महिन्याचा डबा आठ दिवसांत संपत असेल तर कुठलाही स्किमर पुरणार नाही.

हे मी बाबांना सांगितलं, आणि जरा तोडूनच सांगितलं. पुढचे तीन दिवस खुर्ची रिकामी. ते टीव्हीसमोर बसले, टीव्ही बंदच होता. पाणी स्वच्छ होऊन मला काय मिळणार होतं कोण जाणे.

चौथ्या दिवशी मीच म्हटलं, बाबा, एक काम आहे, मला जमत नाही. पंप बंद करायचा, वरचं पाणी खाली उतरून शांत होऊ द्यायचं, मग छपाई नसलेला टिश्यू कागद अलगद पृष्ठभागावर पसरून उचलायचा. तवंग कागदाला चिकटून येतो. दुधावरची साय काढण्यात बाबांचा हात आईपेक्षा हलका, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. जोडीला शेवटच्या कप्प्यात एअर स्टोन सोडला, बुडबुड्यांनी साय धरायलाच देत नाही. संपातला कापूस आता दर रविवारी धुतो. वीज गेली की चालू होणारा बॅटरीचा एअर पंपही आणला. हा खर्च मात्र आधीच करायला हवा होता.

खाणं दिवसातून एकदाच, आणि ते फक्त बाबांनी घालायचं. ते रोज मला कागद दाखवतात. पहिल्या आठवड्यात राखाडी, तेलकट निघायचा. आता जवळजवळ कोरा.

गोल्डफिशना अधूनमधून एखादा दिवस उपाशी ठेवलेलं चालतं, असं मी सांगितल्यावर बाबांनी परस्पर संकष्टी ठरवून टाकली. परवा रात्री गॅलरीतून आत आले आणि विचारलं, "चंद्र दिसला. यांचा सोडायचा का?"