प्रलयाच्या गोंगाटात हरवलेला थेंब

सप्टेंबर २००८ मधली गोष्ट. जिनिव्हाजवळचे महाकाय यंत्र १० तारखेला सुरू होणार, टकरीतून कृष्णविवर निघणार आणि पृथ्वी गिळंकृत होणार, असे काही वृत्तवाहिन्या ओरडून सांगत होत्या. आदल्या रात्री आईने मला हळूच विचारले, ‘‘उद्या दळण टाकू ना रे?’’ मी हसलो. तिच्या आवाजात नुसती थट्टा नव्हती, हे नंतर जाणवले.

खरे तर त्या दिवशी टक्कर मुळी नव्हतीच. प्रोटॉनचे झोत बोगद्यातून फिरवून पाहिले, इतकेच. पण माझा राग निराळाच आहे. घाबरवायला ज्यांच्यापाशी चोवीस तास होते, त्यांना तीन वर्षांपूर्वीच जाहीर झालेली खरी नवलाची बातमी सांगायला पाच मिनिटे सापडली नव्हती.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ब्रुकहेवन प्रयोगशाळा आहे. तेथे २००० सालापासून सोन्याची अणुकेंद्रे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळवली गेली. टकरीच्या जागी तापमान सुमारे चार लाख कोटी अंश, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या अडीच लाख पट! एवढ्या उष्णतेत प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळतात आणि त्यांच्यातले क्वार्क व ग्लुऑन मोकळे होतात. विश्व जन्मल्यावर पहिले काही मायक्रोसेकंद सगळीकडे हेच द्रव्य होते. पाणी तापवले की वाफ होते. तसेच हे द्रव्यही वायूसारखे असेल, त्यातले कण आपापल्या वाटेने सैरावैरा पळतील, असा बहुतेकांचा अंदाज होता.

निघाला द्रव!

हे कळले कसे, ते मला फार आवडते. दोन केंद्रे जरा बाजूने आदळली की एकमेकांवर येणारा भाग बदामाच्या आकाराचा असतो. विरळ वायू असता तर कण चहूकडे सारखेच उडाले असते. प्रत्यक्षात बदामाच्या टोकांकडून कमी आणि पसरट अंगांकडून जास्त कण बाहेर पडले, कारण तिकडे दाबाचा उतार तीव्र. म्हणजे कण एकमेकांना ढकलत होते. मोकळ्या मैदानात माणूस हवा तसा चालतो. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर आपण चालत नाही, गर्दीच आपल्याला नेते. आयुष्य सेकंदाच्या अब्जांश भागाच्या अब्जांशापेक्षाही कितीतरी कमी, तरी हा प्रवाह! त्याचा चिकटपणा इतका थोडा, की एप्रिल २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला ‘जवळजवळ परिपूर्ण द्रव’ म्हटले. आपला अंदाज चुकला, हे इतक्या आनंदाने सांगणारी माणसे घरातल्या मुलांना दाखवायला हवी होती. त्यांत आपलेही लोक होते. कोलकात्याच्या सायक्लोट्रॉन केंद्रासह अनेक भारतीय संस्थांनी मिळून बनवलेले फोटॉन टिपणारे उपकरण ब्रुकहेवनच्या ‘स्टार’ प्रयोगात बसवलेले होते.

असो. पुढे एकदा आईला हे सगळे सांगितले. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, ‘‘द्रव म्हणतोस, मग सांडत नाही का रे ते?’’

सांडते. पसरते, थंड होते आणि त्याचे पुन्हा साधे कण होतात. शास्त्रज्ञांच्या हाती लागतात ते एवढेच शिंतोडे.